शृंगारपूरची माहेरवाशीण : महाराणी येसूबाई

शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वराचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात प्रामुख्याने दोन कारणांनी घेतले जाते. एक म्हणजे कसब्यातील श्रीकर्णेश्वराचे प्राचीन शिल्पसंपन्न मंदिर, आणि दुसरे म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांना येथे झालेली कैद. ती दुःखद हकीकत येथील मुलाबाळांनाही ठाऊक आहे. परंतु त्या दिवसापासून जिच्या आयुष्यातील खरी कसोटी सुरू झाली, ती महाराणी याच तालुक्याची लेक होती, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी राहत नाही. त्या थोर माहेरवाशिणीचे पुण्यस्मरण करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

सह्याद्रीच्या कुशीत, प्रचितगडाच्या पायथ्याशी शृंगारपूर हे गाव आहे. पूर्वी येथे सुर्वे यांची सत्ता होती व शिर्के हे त्यांच्या पदरचे मातब्बर घराणे होते. १६६१ साली शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतले. त्यानंतर पिलाजीराव शिर्के स्वराज्यात सामील झाले आणि दोन्ही घराण्यांत सोयरीक जुळली. पिलाजीरावांची कन्या येसूबाई संभाजीराजांस दिली गेली, तर शिवाजी महाराजांची कन्या राजकुंवर ही पिलाजीरावांचे पुत्र गणोजी यांस दिली गेली. पुढे युवराज असताना संभाजीराजांचे वास्तव्य काही काळ शृंगारपुरास होते. अशा रीतीने येसूबाईंचे माहेरच काही दिवस त्यांचे सासरही झाले.

१६८० साली शिवाजी महाराज कैलासवासी झाले व जानेवारी १६८१ मध्ये संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा शत्रूंशी झुंजण्यात महाराजांचे दिवस घोड्यावर जात. राजधानीतील कारभार पाहण्याचा अधिकार त्यांनी येसूबाईंस दिला व ‘श्री सखी राज्ञी जयति’ असा शिक्काही दिला. राणीस मुद्रेसह कारभार सोपविण्याची गोष्ट त्या काळी विरळाच होती. कन्या भवानीबाई आणि १६८२ साली जन्मलेले पुत्र शाहूराजे, असा त्यांचा संसार होता.

या संसारास पहिला तडा गेला तो माहेरच्याच बाजूने. वतनाच्या प्रश्नावरून शिर्के मंडळी दुखावली गेली व स्वराज्यापासून दुरावली. १६८८ साली शिर्के आणि कवी कलश यांच्यात लढाई जुंपली, तेव्हा कलशांच्या मदतीस स्वतः महाराजांना यावे लागले. एकीकडे पाठचे-पोटचे, दुसरीकडे पती व राज्य, अशा कात्रीत ही माउली सापडली. तिने आपली जागा सोडली नाही. ती रायगडावर कारभार पाहत राहिली.

याच मोहिमेनंतर महाराज संगमेश्वरी आले असता, कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून आलेल्या मुकर्रबखानाने त्यांना १ फेब्रुवारी १६८९ रोजी पकडले. ही वार्ता रायगडी पोहोचली तेव्हा शाहूराजे सात वर्षांचेही नव्हते. गादीवर हक्क त्यांचा होता आणि कारभाराचा शिक्का मातेच्या हाती होता. मनात आणले असते तर मुलास गादीवर बसवून त्याच्या नावे राज्य चालविणे येसूबाईंना अशक्य नव्हते. परंतु राज्यावर आलेला प्रसंग बालराजाचा नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी आपले दीर राजाराम महाराज यांस पुढे केले व त्याच महिन्यात त्यांचे मंचकारोहण झाले. महाराजांचा वध झाला तो ११ मार्च रोजी. म्हणजे पती शत्रूच्या हाती असताना, एकीकडे त्यांच्या जिवाची काळजी आणि दुसरीकडे राज्याची, असे दोन्ही भार या स्त्रीने एकाच वेळी वाहिले.

पुढचा निर्णय तर याहूनही कठीण होता. झुल्फिकारखानाचा वेढा रायगडास पडला. सर्वच राजकुटुंब एका गडावर राहिले, तर एका झडपेत सारे शत्रूच्या हाती सापडेल. म्हणून राजाराम महाराजांनी बाहेर पडून राज्य राखावे व शाहूराजांसह आपण गडावर राहावे, असे येसूबाईंनी ठरविले, असे बखरकार सांगतात. एप्रिलमध्ये राजाराम महाराज निसटले व पुढे दूर जिंजीस जाऊन त्यांनी राज्याचा झेंडा फडकत ठेवला. रायगड मात्र नोव्हेंबर १६८९ मध्ये पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले.

त्यानंतर बादशाहाची छावणी जाईल तिकडे त्यांचा डेरा गेला. कधी भीमाकाठी ब्रह्मपुरीस, कधी अहमदनगरास. बादशाहाची कन्या झीनतउन्निसा हिने त्यांच्याशी माणुसकीने वर्तन ठेवले, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तरी कैद ती कैदच. चिंचवडच्या देवांना येसूबाईंनी लिहिलेल्या पत्रात झालेल्या कर्जाची अडचण सांगितलेली आढळते. जिच्या शिक्क्याने एके काळी राज्याचे कागद निघत, तिच्यावर खर्चासाठी शब्द टाकण्याची पाळी आली. अशाही स्थितीत मुलाच्या मनात आपल्या कुळाचे व राज्याचे स्मरण तिने जागे ठेवले. १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले, त्या वेळीही ही वडील जाऊ परमुलखात अडकलेली होती.

१७०७ साली औरंगजेब मरण पावला. आजमशाहाने शाहूराजांस उत्तरेच्या वाटेवर सोडून दिले, पण येसूबाई व शाहूराजांचे कुटुंब यांस ओलीस म्हणून ठेवून घेतले. मुलगा स्वदेशी निघाला आणि आई मागे राहिली, पुढे ती दिल्लीस गेली. इकडे शाहूराजांना गादीसाठी स्वकीयांशीच लढावे लागले. ज्या दिरासाठी येसूबाईंनी मुलाचा हक्क बाजूस ठेवला, त्याच दिराच्या घराण्याशी हा तंटा व्हावा, हा दैवाचा केवढा विलक्षण खेळ! जानेवारी १७०८ मध्ये शाहूराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. तो सोहळा पाहण्याचे भाग्य मातेस लाभले नाही.

पुढे कोकणचेच सुपुत्र, श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ हे पेशवे झाले. १७१८ साली सय्यद हुसेनअलीशी झालेल्या करारात चौथाई व सरदेशमुखी यांच्या बरोबरीने मातोश्रींची सुटका हेही महत्त्वाचे कलम होते. मराठी फौज दिल्लीस गेली, १७१९ साली सनदा मिळाल्या आणि येसूबाई मुक्त झाल्या. त्या साताऱ्यास पोहोचल्या तेव्हा कैदेची २९ वर्षे उलटून गेली होती. तरुणपणी गड सोडलेली राणी वृद्ध होऊन परतली. ज्या मुलाचा हात धरून त्या रायगड उतरल्या होत्या, तो आता छत्रपती होता. जे राज्य एका गडावर संपेल असे शत्रूस वाटले होते, त्या राज्याचे पेशवे दिल्लीहून सनदा घेऊन आले होते. मातोश्रींनी उर्वरित आयुष्य साताऱ्यास, पुत्राच्या छायेत व्यतीत केले.

शिवाजी, संभाजी, राजाराम, ताराराणींचे पुत्र शिवाजी आणि शाहू अशा पाच छत्रपतींचा काळ त्यांनी पाहिला. तलवार गाजविल्याची कथा त्यांच्या नावावर नाही. त्यांचे मोठेपण निराळे आहे. वेळ आली तेव्हा त्यांनी मुलाचा हक्क दिला, स्वतःचे स्वातंत्र्य दिले, आणि त्याबद्दल काही मागितले नाही. देवळाच्या कामी कोणी पैसा देतो, कोणी लाकूड, कोणी चिरा, तर कोणी अंगमेहनत. ज्याच्यापाशी जे मोलाचे असेल ते देणे हेच खरे दान. या माउलीने त्या अर्थाने सर्वस्वच दिले.

साताऱ्याजवळ माहुली येथे, कृष्णा व वेण्णा यांच्या संगमस्थानी, त्यांची समाधी असल्याचे अलीकडच्या काळात अभ्यासकांनी पुढे आणले आहे. शास्त्रीच्या खोऱ्यात वाढलेली लेक अशी दुसऱ्या एका संगमावर विसावली. साताऱ्यास जाणाऱ्या प्रत्येक संगमेश्वरकराने तेथे दोन फुले वाहावीत व आपल्या मुलीबाळींना तिची कथा सांगावी. शृंगारपूरच्या या थोर कन्येस समस्त ग्रामस्थांचे शतशः वंदन!