नेत्रांतील परक्या भिंगाची कसोटी

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंतही तिचें वर्णन आढळतें. परंतु गढूळ झालेलें भिंग बाजूस सारणें किंवा बाहेर काढणें, एवढेंच नेत्रवैद्यांस शतकानुशतकें साधत असे. रोग्यास पुढें जन्मभर जाड चष्मा वापरावा लागे. काढलेल्या भिंगाच्या जागीं दुसरें बसविण्याचें धाडस लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत हॅरोल्ड रिडले यांनीं २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं आरंभिलें. महायुद्धांत विमानांच्या छतांचे पर्स्पेक्सचे तुकडे कांहीं वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते. ते डोळ्यांत राहूनही दाह होत नाहीं, असें रिडले यांस आढळलें होतें. म्हणून त्याच जातीच्या पदार्थाचें भिंग त्यांनीं करविलें.

१९५१ सालीं ही गोष्ट जाहीर होतांच ड्यूक-एल्डर यांच्यासारख्या थोर नेत्रवैद्यांनीं तिला विरोध केला. त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. तें भिंग जड होतें; तें कधीं जागेवरून सरके, कधीं डोळ्यांतील दाब वाढे. कांहीं रोग्यांचीं भिंगें काढून टाकावीं लागलीं.

यावर उपाय म्हणून इतरांनीं भिंग बाहुलीच्या पुढें बसविलें. कृति सोपी होती व आरंभीं दृष्टीही उत्तम येई. मात्र कांहीं वर्षांनीं निराळेंच फळ दिसूं लागलें. बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या आंतल्या बाजूस पेशींचा एक नाजूक थर असतो. तो झिजला म्हणजे पुन्हा भरून येत नाहीं. त्या भिंगांनीं तो झिजविला, पडदा धुरकटला आणि शेंकडों भिंगें काढावीं लागलीं. पट्टी सोडल्याच्या दिवशींचें यश किती फसवें असूं शकतें, याचा हा धडा होय.

१९७७ सालीं शीअरिंग यांनीं लवचीक पायांचें भिंग बाहुलीच्या मागें बसविलें, आणि रिडले यांनीं निवडलेली जागाच योग्य ठरली. पुढें नैसर्गिक भिंगाची पिशवी राखून तिच्यांतच नवें भिंग ठेवूं लागले. अशीं भिंगें आज दशकानुदशकें टिकतात. तरीही कांहीं रोग्यांत ती पिशवी पुढें धुरकटते. लेसर किरणांनीं तिला झरोका पाडतां येतो. थोड्या रोग्यांत पिशवीचे तंतू सैल होऊन बऱ्याच वर्षांनीं भिंग सरकतें.

रिडले यांस २००० सालीं ‘सर’ ही पदवी मिळाली; उतारवयांत त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशींच भिंगें बसविलीं गेलीं. त्यांच्या टीकाकारांस हंसणें आज सोपें आहे. पण भिंगाचा खरा न्याय काळच करतो, हें त्यांचें म्हणणें खोटें ठरलें नाहीं. त्यांची चूक एवढीच कीं, त्यांनीं निकाल काळाच्या आधींच दिला. आणि या न्यायाची किंमत भरली ती ज्यांचे डोळे मध्यंतरीं बिघडले त्या अनाम रोग्यांनीं. तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांस शस्त्रक्रियेनंतर स्वच्छ दिसूं लागलें, म्हणजे नेत्रवैद्याचें काम संपलें, असें आम्हीं कोणीच समजूं नये.