चांगला कॅमेरा म्हणजे कोणता?

शाळेसाठी किंवा घरासाठी कॅमेरा घ्यायचा ठरले, की पहिला प्रश्न येतो, ‘किती मेगापिक्सेलचा?’ मोबाइल घेतानाही हाच प्रश्न. आकडा मोठा तेवढा कॅमेरा चांगला, असे आपण धरून चालतो. पण १८४० साली कॅमेरा घेणाऱ्याला हा प्रश्न सुचलाच नसता. त्याची अडचण अगदी वेगळी होती. १८८८ मधल्या ग्राहकाची आणखी वेगळी, आणि १९२५ मधल्याची त्याहून वेगळी. छायाचित्रकार नवा कॅमेरा निवडताना काय शोधत आले, हे क्रमाने पाहिले तर कॅमेऱ्यामागचे विज्ञान तर समजतेच. शिवाय जाहिरातीतला आकडा कसा वाचावा, हेही कळते.

किती वेळ हलायचे नाही?

फ्रान्समधील दागेर याने १८३८ साली पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. चित्रात रस्ता जवळजवळ रिकामा दिसतो. घोडागाड्या, पादचारी यांचा मागमूस नाही. दिसतो फक्त कोपऱ्यावर उभा असलेला एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत होता! चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्यात जे हलले, ते पुसले गेले. जो थांबला, तोच इतिहासात राहिला.

१८३९ मध्ये ही पद्धत जाहीर झाली आणि लोकांना सर्वांत जास्त हवे होते ते माणसांचे चेहरे. म्हणून पहिली मागणी निघाली ती अशी, की भिंग जास्त प्रकाश आत घेणारे हवे.

येथे थोडे गणित करू. भिंगाचे नाभीय अंतर भागिले त्याच्या छिद्राचा व्यास, म्हणजे एफ-क्रमांक. नाभीय अंतर तेवढेच ठेवून छिद्राचा व्यास दुप्पट केला, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि प्रकाशही चौपट मिळतो. म्हणजे एफ-क्रमांक निम्मा झाला, की लागणारा वेळ पावपट होतो. दागेरच्या काळातील भिंगे साधारण एफ १६ च्या आसपास वापरली जात. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्सवाल यांनी १८४० मध्ये एफ ३.६ चे भिंग तयार केले. १६ भागिले ३.६ याचा वर्ग करून पाहा. उत्तर येते जवळजवळ २०. जिथे दहा मिनिटे लागत, तिथे अर्ध्या मिनिटात काम होऊ लागले. भिंगाच्या वक्रतेची लांबलचक आकडेमोड करण्यासाठी पेत्सवाल यांना तोफखान्यातील हिशेबात तरबेज सैनिकांची मदत मिळाली होती. आधी गणित करून मग घडवलेल्या छायाचित्रण-भिंगांतले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण.

परंतु या वेगाची किंमत मोजावी लागली. या भिंगाचे चित्र मध्यभागी सुरेख आणि कडांना अस्पष्ट येई. चेहरा मध्यभागीच असतो, त्यामुळे चेहरे टिपणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. इमारतींची चित्रे घेणाऱ्याला मात्र ते निरुपयोगी होते. ‘चांगले भिंग कोणते’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे तेव्हापासूनच स्पष्ट झाले.

तंबू, बाटल्या आणि सागवान

१८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कलोडियनची पद्धत दिली आणि तिचे पेटंट घेतले नाही. ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवलेला नायट्रेटयुक्त कापूस काचेवर पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घ्यायचे. वेळ काही सेकंदांवर आला आणि एका निगेटिव्हवरून कितीही प्रती काढता येऊ लागल्या. पण काच वाळली, की तिची प्रकाशाला दाद देण्याची शक्ती गेली. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत सगळे उरकायचे, तेही अंधारात. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर तंबू, बाटल्या, काचा, पाणी हे सगळे आलेच.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेले आरंभीचे भारतीय छायाचित्रकार. आपल्याकडच्या उकाड्यात ईथर भराभर उडून जाई आणि हातातला वेळ आणखी कमी होई. १८६० च्या दशकात सॅम्युएल बोर्न हिमालयात चित्रे घेत फिरला, तेव्हा त्याचे सामान वाहायला हमालांचा तांडाच बरोबर असे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तेव्हाचा छपाईचा कागद इतका मंद होता, की निगेटिव्ह त्याच्यावर ठेवून दोन्ही उन्हात धरावी लागत. दिव्याच्या प्रकाशात मोठी प्रत काढणे व्यवहारात जवळजवळ शक्य नव्हते. म्हणून जेवढे चित्र हवे तेवढी काच, आणि जेवढी काच तेवढा कॅमेरा! कॅमेऱ्याचा आकार हा चित्राच्या आकाराशी असा बांधलेला होता. हिंदुस्थानासारख्या देशांत जाणारा ग्राहक आणखी एक गोष्ट पाही. सरसाने चिकटवलेले सांधे दमट हवेत सुटत आणि लाकूड वाकले, की फटीतून प्रकाश शिरे. म्हणून सागवानी, पितळी पट्ट्यांनी आवळलेले कॅमेरे ‘ट्रॉपिकल’ या नावाने विकले जाऊ लागले.

काम कोणी करायचे?

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरले. पुढच्या काही वर्षांत त्यात सुधारणा होऊन कोरड्या, तयार काचा बाजारात मिळू लागल्या. त्या इतक्या संवेदनशील होत्या, की सेकंदाच्या लहानशा भागात चित्र येई. भिंगावरचे झाकण हाताने काढून पुन्हा लावणे एवढ्या वेगाला जमेना. मग यांत्रिक शटर आले आणि कॅमेरा तिवईवरून हातात आला.

१८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर. आत १०० चित्रांची गुंडाळी भरलेली. चित्रे संपली, की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. १० डॉलरमध्ये चित्रे छापून आणि नवी गुंडाळी भरून तो परत येई. भिंग साधे, चित्र जेमतेम अडीच इंच व्यासाचे आणि गोल. कोणत्याही व्यावसायिकाने नाक मुरडावे असाच तो कॅमेरा होता. पण ग्राहक दर्जा शोधतच नव्हता. त्याला बाटल्यांपासून सुटका हवी होती. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा मुलांच्याही हाती गेला. आपल्याकडे अनेक घरांत वापरला गेलेला ‘आग्फा क्लिक’ याच कुळातला: गुंडाळी भरा, सूर्य पाठीशी घ्या, बटण दाबा आणि बारा चित्रे मिळवा.

लहान निगेटिव्ह, मोठे चित्र

जर्मनीतील वेट्झलार येथे एर्न्स्ट लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. तेथील यंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक याला दमा होता. काचांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंद फिल्म घेतली आणि सिनेमाच्या एका चौकटीऐवजी दोन चौकटींची जागा वापरून २४ × ३६ मिलिमीटरचे चित्र ठरवले. १९१४ च्या सुमारास नमुना तयार झाला. मध्ये महायुद्ध आले आणि १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला.

आता कागद वेगवान झाला होता आणि विजेच्या दिव्यावर लहान निगेटिव्हचे मोठे चित्र काढता येत होते. कॅमेरा आणि चित्र यांच्या आकाराची गाठ सुटली होती. मात्र ९ × १२ सेंटिमीटरच्या काचेच्या मानाने लायकाच्या चौकटीचे क्षेत्रफळ साडेबारापट कमी आहे. म्हणजे भिंगाची प्रत्येक चूक आणि फिल्मचा प्रत्येक कण कितीतरी मोठा होऊन दिसणार. मॅक्स बेरेक या शास्त्रज्ञाने आखलेल्या भिंगामुळे हे गणित जमले. सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यातून असे भिंग निघावे, यात नवल नाही.

तरीही वृत्तपत्रांचे अनेक छायाचित्रकार मोठ्या निगेटिव्हला चिकटून राहिले. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांनी मोठा स्पीड ग्राफिक आणि कमरेशी धरून वरून पाहायचा रोलीफ्लेक्स, दोन्ही वापरले. रोलीफ्लेक्सला दोन भिंगे असत, एक पाहण्यासाठी आणि एक चित्र घेण्यासाठी. जवळच्या वस्तूच्या बाबतीत दोघांना दिसणारे दृश्य थोडे वेगळे असते. डोळ्यासमोर बोट धरून एकेक डोळा मिटून पाहा, म्हणजे ही अडचण ध्यानात येईल. एकाच भिंगातून पाहायचे आणि तेच चित्र टिपायचे, ही मग पुढची मागणी झाली. आरसा आणि पंचकोनी लोलक यांनी ती पुरी केली. १९५९ चा निकॉन एफ हा त्यातला सर्वांत गाजलेला कॅमेरा. त्याने ग्राहकाची नजरच बदलली. आता लोक नुसता कॅमेरा न पाहता त्यावर बसणारी भिंगे किती, हे पाहू लागले. भिंगांत पैसा गुंतला, की माणूस त्या कंपनीशी बांधला जातो. १९८७ मध्ये कॅननने भिंगाची बैठक बदलली, तेव्हा जुन्या ग्राहकांची जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यांवर बसेनाशी झाली.

आकड्याचा मोह

१९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात १०० × १०० म्हणजे दहा हजार बिंदू आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद. मेगापिक्सेलच्या भाषेत ०.०१! सुरुवातीला बिंदू वाढवणे खरोखरच गरजेचे होते. १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये ते सुमारे २७ लाख झाले.

पण लागतात किती? ६ × ४ इंचाच्या चित्रासाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर १८०० × १२०० म्हणजे सुमारे २२ लाख. ए-४ कागदाला सुमारे ८७ लाख. बिंदू हवे तेवढे झाल्यावरही आकडा वाढतच राहिला, कारण जाहिरातीत छापायला तो सोयीचा होता.

प्रयोगशाळेत एखादे मापनयंत्र घेताना आम्ही आधी विचारतो, की संकेत किती आणि गोंगाट किती. कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे. प्रकाश कणाकणांनी येतो. एका बिंदूवर सरासरी १०० कण पडले, तर त्यात १० कणांचा, म्हणजे १० टक्क्यांचा चढउतार असतो. दहा हजार पडले, तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. संवेदक तेवढाच ठेवून बिंदू वाढवले, की प्रत्येक वाट्याला कमी कण येतात आणि अंधुक प्रकाशात एकेका बिंदूत रवा दिसू लागतो. लायकाच्या मापाचा संवेदक ८६४ चौरस मिलिमीटरचा. खिशातल्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे तीसपट लहान. २००७ मध्ये निकॉनने डी३ मध्ये पूर्ण आकाराच्या संवेदकावर १.२ कोटीच बिंदू ठेवले. त्याच वर्षी कॅननने २.१ कोटींचा कॅमेरा काढला होता. कमी प्रकाशात पळणारे खेळाडू टिपणाऱ्यांना डी३ आवडला. मोठ्या भित्तिचित्रांसाठी काम करणाऱ्याला दुसरा बरा. पुन्हा पेत्सवालचाच धडा!

मोबाइल ही उणीव हिशेबाने भरून काढतो. तो एकामागून एक अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतो. नऊ चित्रांच्या सरासरीत गोंगाट एक तृतीयांश होतो. पण या चित्रांच्या दरम्यान समोरचा माणूस हलला तर? पॅरिसच्या रस्त्यावरची अडचण संपलेली नाही. ती फक्त सेकंदाच्या अंशात येऊन बसली आहे.

जो आकडा छापला जात नाही

फिल्मच्या जमान्यात रंग जुळवण्यासाठी छपाईच्या प्रयोगशाळांना कोडॅककडून एका स्त्रीचे नमुनाचित्र मिळत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. ती स्त्री कित्येक वर्षे गोरीच असे. तिचा वर्ण ठीक उमटला, की यंत्र ठीक आहे असे मानले जाई. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवत. शिवाय कॅमेऱ्यातील साधा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने करडे आहे, असे गृहीत धरतो. पांढऱ्या सदऱ्यांतल्या मुलांची रांग समोर आली, की तो प्रकाश कमी करतो. सदरे छान येतात आणि चेहरे काळवंडतात. कोणाचा चेहरा नीट दिसणार, हे अशा रीतीने कॅमेरा बनवणाऱ्याच्या गृहीतकावर अवलंबून राहते. ग्राहकाने हा प्रश्न विचारला नाही, तर कारखानदाराला तो सुचण्याचे कारण नाही.

म्हणून शाळेसाठी कॅमेरा निवडायचा असेल, तर आकड्यांच्या आधी आपले दृश्य ठरवावे. वर्गात खिडकीपासून सर्वांत दूर असलेला बाक, ढगाळ दिवस, पांढरे सदरे आणि वेगवेगळ्या वर्णांची, मुळीच स्वस्थ न बसणारी मुले. दुकानातून घेण्यापूर्वी ओळखीच्यांचा तसाच कॅमेरा मागून आणावा आणि एवढे एक चित्र घेऊन पाहावे. प्रत्येक मुलाचे डोळे त्यात दिसले, तर तो कॅमेरा आपल्या कामाचा.