दिवेघाटातले बैल

वारीच्या दिवसांत हडपसरला ट्रॅफिक अडकलं की मी जाम वैतागायचो. एका वर्षी बाईक कडेला लावली, चालत पुढे गेलो आणि पहिल्यांदाच रथाच्या बैलांकडे नीट पाहिलं.

थोडा इतिहास सांगतो. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांची घोड्यांची सेवा आजही चालू आहे. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, कारण त्यावर खुद्द माउली आहेत अशी श्रद्धा. रिंगणात तो धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

रथ ओढायचा मान मात्र शेतकऱ्याच्या बैलजोडीला. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाटाची चढण लागते, तिथे एक जोडी पुरत नाही. पुढे आणखी जोड्या जुंपतात.

तेव्हा आजोबा आठवले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असायची. जू घासून घट्टे पडलेल्या खांद्याला ते हळद-तूप चोळायचे आणि म्हणायचे, "आपली भाकरी ह्या खांद्यावरून येते रे. देव आणखी काय वेगळा असतो?"

आता आमच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. सोय झाली, तक्रार नाही. पण त्या खांद्याला माझा हात कधीच लागला नाही, हे त्या दिवशी हडपसरला कळलं.

यंदा पालखी आली की हॉर्न वाजवू नका. रामकृष्ण हरी!