१३ एप्रिल १९४९ : संधिवातावर कॉर्टिझोन

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरील शोधनिबंध संस्थेच्या नियतकालिकात आजच्या दिवशी प्रसिद्ध झाला.

त्याची सुरुवात वीस वर्षे आधीची. १९२९ मध्ये हेंच यांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे कमी झाले! गरोदर स्त्रियांनाही असाच आराम पडतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी योगायोग म्हणून सोडून दिले असते. हेंच पडले शेरलॉक होम्सचे निस्सीम चाहते. शरीरच हा आराम देणारे एखादे द्रव्य तयार करत असावे, असा त्यांचा तर्क होता. केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळे केलेले ‘संयुग ई’, म्हणजे कॉर्टिझोन, हेच ते असावे असे वाटत होते; ते बैलाच्या पित्तापासून बनवणे मर्क कंपनीच्या रसायनज्ञांना जमले. सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या स्त्रीला त्याची इंजेक्शने सुरू झाली. काही दिवसांतच ती चालू लागली, खरेदीलाही गेली.

शोधनिबंधाच्या पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळाले. घाईच म्हणायची. औषध थांबले की दुखणे परतायचे. चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे हे त्रास वेगळेच. हेंच यांनी मात्र त्याला रोगावरचा कायमचा इलाज कधी म्हटले नव्हते. ल्युपससारख्या स्वयंप्रतिकार आजारांत याच कुळातली स्टेरॉइड्स आजही दिली जातात.