नवी घ्यावी की जुनी? मोठी लक्झरी एसयूव्ही घेण्याआधी खान्देशातील ग्राहकांनी काय तपासावे

जळगाव/धुळे : रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीला भाव लागला, किंवा महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर आला, की घरात मोठ्या गाडीचा विषय निघतोच. आधी हा विषय फॉर्च्युनरवर येऊन थांबायचा. आता त्याच्या पुढच्या गाड्यांचीही चौकशी होते. मर्सिडीज जीएलसी, बीएमडब्ल्यू एक्स३, ऑडी क्यू५, व्होल्वो एक्ससी६० या मधल्या आकाराच्या लक्झरी एसयूव्ही. नव्या घेतल्या तर शोरूमची किंमत साधारण ६० ते ८० लाखांच्या दरम्यान. तीच गाडी सात-आठ वर्षे वापरलेली, दिल्ली किंवा मुंबई पासिंगची, नव्या बोलेरोच्या आसपासच्या पैशात मिळते असे कोणीतरी सांगते आणि तिथूनच खरी अडचण सुरू होते.

शेजारच्या औरंगाबादने (आता छत्रपती संभाजीनगर) ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेऊन देशभर नाव केले होते. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. दीडशे जण एकत्र गेल्यावर कंपनी आणि बँक दोघेही भावात खाली येतात. एकट्याने जाणाऱ्याला ती सवलत मिळत नाही, म्हणून त्याने हिशेब आधी घरी करून जायला हवा.

नव्या गाडीचा खरा आकडा

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी सरळ ४० टक्के झाला. त्याआधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर, म्हणजे ५० टक्के जात होते. त्यामुळे किमती उतरल्या, फॉर्च्युनरच्या काही मॉडेलवर तर साडेतीन लाखांच्या जवळपास फरक पडला. पण राज्याचा रस्ता कर आहे तिथेच आहे. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी कर लागतो. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के.

६५ लाखांची डिझेल गाडी धरली तर रस्ता कर ९ लाख ७५ हजार. तीच पेट्रोलमध्ये ८ लाख ४५ हजार. विमा दोन-अडीच लाखांच्या घरात. टीसीएस ६५ हजार. म्हणजे घरी येईपर्यंत ६५ चे ७८ लाख होतात. शोरूमवाला गप्पांमध्ये नेहमी शोरूम किंमत बोलतो. ग्राहकाने पहिल्याच दिवशी ऑन-रोड किंमत कागदावर लिहून मागावी.

यातला टीसीएस हा शेतकऱ्यांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. १० लाखांच्या वरची गाडी घेताना विक्रेता एक टक्का रक्कम आयकर खात्याकडे ग्राहकाच्या पॅनवर भरतो. हा वेगळा कर नाही, आगाऊ भरलेली रक्कम आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून बरेच जण विवरणपत्र भरत नाहीत, आणि मग हे ६५ हजार तसेच पडून राहतात. विवरणपत्र भरले तर ते परत मिळतात. शिवाय ही खरेदी पॅनवर दिसत असल्याने पैसा कुठून आला, असा प्रश्न पुढे येऊ शकतो. व्यापाऱ्याच्या केळी-कापसाच्या पट्ट्या, सातबारावरची पीक नोंद आणि बँकेचा उतारा एका फाइलमध्ये ठेवला तर उत्तर द्यायला अडचण येत नाही.

कर्जाचेही तसेच. काही बँका विवरणपत्र न मागता सातबारा आणि पीक पाहून शेतीचे निव्वळ उत्पन्न काढतात आणि त्यावर कर्ज ठरवतात. ५० लाख रुपये ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता ८० हजारांच्या वर जातो आणि व्याजच साडेसतरा लाख होते. हप्ता दर महिन्याला येतो, केळीची पट्टी दर महिन्याला येत नाही. करपा किंवा सीएमव्हीने बाग गेली त्या वर्षीही तो थांबत नाही.

जुनी गाडी : आधी कागद, मग इंजिन

लक्झरी गाडीची किंमत लवकर पडते. विम्याच्या हिशेबात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. बाजारात या गाड्या त्याहूनही खाली जातात. म्हणून चांगली सांभाळलेली, तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची गाडी हा खरे तर शहाणा सौदा आहे. घसाऱ्याचा मोठा घाव पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या तशा नसतात.

दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिथे जी गाडी चालवता येत नाही ती स्वस्तात बाहेर निघते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. तरी खान्देशात अशी गाडी घेणाऱ्यासाठी मुद्दा एकच राहतो : तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आहे का? 'एनओसी नंतर येईल' असे म्हणणाऱ्याला इसारही देऊ नये. एनओसीशिवाय ती गाडी एमएच १८ किंवा एमएच १९ होत नाही, आणि नावावर नसलेली गाडी म्हणजे दारात उभे केलेले दुसऱ्याचे वाहन.

एनओसी असली तरी खर्च संपत नाही. बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथली नोंदणी करावीच लागते. त्यासाठी महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो, गाडीच्या वयानुसार घट धरून. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो त्या राज्याच्या कार्यालयात अर्ज करून, आणि तिथे चकरा मारणारा माणूस लागतो. नवापूर-साक्रीकडे सुरतहून येणाऱ्या जीजे पासिंगच्या गाड्या स्वस्त वाटतात त्याचे एक कारण गुजरातचा कमी कर हेच आहे. किमतीत हा फरक मिळवूनच भाव करावा.

व्यवहारात दुसरी मोठी खोट म्हणजे सह्या केलेले कोरे टीटीओ फॉर्म. विकणारा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दलालाकडे देतो, दलाल गाडी तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि आरसी बुकवर नाव पहिल्याचेच. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव तोच मालक. त्या खटल्यातही गाडी अशीच एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, आणि भरपाईचा भार पहिल्या नोंदणीकृत मालकावरच आला. म्हणून जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यानेही आपली गाडी नावावरून उतरली का ते परिवहनच्या ॲपवर स्वतः पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र लागते. त्याच्याकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सी भरला की तारखेनिशी नोंद राहते. गाव-गल्लीतल्या दलालाकडे हे प्रमाणपत्र सहसा नसते.

घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो, विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचे असते. विमा जुन्याच्या नावावर राहिला आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. मागच्या मालकाचा नो-क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता वाढलेला दिसला तर त्यात फसवणूक नाही.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवावा. 'चालू हप्ते तुम्ही भरा, संपले की नावावर करू' हा व्यवहार कितीही ओळखीतला असला तरी करू नये. ई-चलन बाकी आहे का, एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसवली आहे का, चेसिस नंबर आरसीशी जुळतो का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो, म्हणून 'रोख द्या, पन्नास हजार कमी करतो' म्हणणारा स्वतःलाच अडचणीत टाकत असतो. शिवाय रोखीचा पुरावा राहत नाही.

गाडी बघताना

या गाड्या गावच्या मिस्त्रीला दाखवून भागत नाही. तो हुशार असतो, पण कंपनीचा स्कॅनर त्याच्याकडे नसतो. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन तपासून घ्यावी आणि चेसिस नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढून घ्यावी. मीटर मागे फिरवलेले तिथे उघडे पडते : तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला ९० हजार किलोमीटर आणि आज मीटरवर ६२ हजार.

पुरात बुडालेली गाडी वरून चकचकीत असते. चेन्नईत २०१५ ला, मुंबईत तर अनेकदा गाड्या बुडाल्या आहेत आणि त्यातल्या काही दुरुस्त होऊन लांबच्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, गालिच्याखाली गंजलेले नट, एसी लावल्यावर येणारा कुबट वास, ही लक्षणे. अशा गाडीचे इलेक्ट्रिकचे काम कधीच संपत नाही.

ठराविक इंजिनांची ठराविक दुखणी असतात. २०११ च्या आगेमागे बनलेल्या बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला होती आणि ती तुटण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. ती बदलायची तर मोठी उतरवाउतरव करावी लागते. त्याच काळातल्या ऑडीच्या दोन लिटर पेट्रोल इंजिनाला ऑइल पिण्याची खोड होती. किल्ल्या दोन मिळाल्या पाहिजेत. एकच असेल तर दुसरी बनवायचा खर्च आधी विचारून घ्यावा, तो हार्डवेअरच्या दुकानातला नसतो.

खान्देशात सांभाळायची तर

इथला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. जुन्या युरोपियन गाड्यांतले कूलंटचे प्लॅस्टिक पाइप आणि जोड उन्हाने तडकतात. घेतल्याबरोबर कूलंटचे पाइप, थर्मोस्टॅट आणि पट्टे तपासून घेतले तर अजिंठ्याच्या घाटात टोचन करून न्यायची वेळ टळते. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलमध्ये स्टेपनी नसते, रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी काही किलोमीटर गाडी चालते, पण शिवाररस्त्याच्या खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर दुकानात ते टायर मिळेलच असे नाही. एका टायरला वीस-पंचवीस हजार लागतात, कधी जास्त.

२०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ फिल्टर असतो आणि लक्झरी गाड्यांत बहुधा ॲडब्लूची वेगळी टाकी. गाव ते शेत, शेत ते सोसायटी एवढीच गाडी फिरली तर डीपीएफ भरतो; आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर अर्धा तास सलग पळवावी. ॲडब्लू संपले तर गाडी पुन्हा सुरू होत नाही, आणि ते चुकून डिझेलच्या टाकीत ओतले तर खर्च लाखांत जातो. शेतातल्या ड्रममधले डिझेल आणि महामार्गावर बायोडिझेलच्या नावाने मिळणारे स्वस्त इंधन या इंजिनांना चालत नाही. ट्रॅक्टर ते पचवतो, ही गाडी पचवत नाही. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर ई-२० पेट्रोलला ती चालते का, हे कंपनीकडून कळून घ्यावे.

पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी आत ओढले जाऊन इंजिन फुटते, आणि साध्या विम्यात हे नुकसान मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे जादा कलम घ्यावे लागते. झीरो डेप असेल तर बंपर-लाइटच्या भागांवरची कपातही वाचते. या गाड्यांचा एक हेडलाइटच लाखाच्या पुढे जाऊ शकतो.

शेवटी अंतर. टोयोटा, महिंद्र, टाटा यांची सर्व्हिस जिल्ह्यात होते. जर्मन-स्वीडिश गाड्यांसाठी नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत, इंदूर किंवा पुणे धरावे लागते. धुळ्याहून नाशिक आणि जळगावहून संभाजीनगर दोन्ही दीडशे किलोमीटरच्या पुढे. रावेर किंवा शहाद्याहून आणखी लांब. कोणत्या ब्रँडचे सेंटर यातल्या कोणत्या शहरात आहे हे कंपनीच्या यादीत पाहून मगच ब्रँड ठरवावा. रंग आणि सनरूफ नंतर. जुनी गाडी घेणाऱ्याने किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवावी. ती ठेवता येत नसेल तर त्याच पैशात तीन वर्षांची फॉर्च्युनर किंवा नवी महिंद्र घेतलेली बरी. ती बिघडली तरी भुसावळात किंवा दोंडाईचात दुरुस्त होते.

व्यवहार झाला की जुन्या मालकाचा फास्टॅग काढून नवा लावून घ्यावा. नाहीतर टोल त्याच्या खात्यातून कटतो, आणि त्याने टॅग बंद केला की नाक्यावर जादा टोल भरायची पाळी आपल्यावर येते.