हौदाचा दुसरा नळ

सातवीच्या वर्गात मी नेहमीचे गणित घातले होते. एका हौदास दोन नळ आहेत. पहिल्या नळाने हौद चार तासांत भरतो, दुसऱ्याने सहा तासांत रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडले, तर हौद भरण्यास किती वेळ लागेल? हुशार मुलांनी पाट्या पुढे केल्या : बारा तास. इतक्यात मागच्या रांगेतला एक पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, पर त्यो दुसरा नळ उघडा कुणी ठिवला?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येताना वाटेवरच्या कोरड्या विहिरीत वाकून पाहिले, आणि हसू मावळले. वाचकहो, त्या पोराचा प्रश्न गणिताचा नव्हता, अर्थशास्त्राचा होता. पाणी, जंगल, कुरण, माती यांचा हौद कोण भरतो, कोण रिकामा करतो आणि रिकामा करणाऱ्याच्या नावे खर्च का पडत नाही, एवढ्याच विचारावर त्या शास्त्राची एक शाखा उभी आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, मॅट्रिक झालेला खेड्यातला मास्तर. परंतु आमच्या धाराशिव जिल्ह्यात हे शास्त्र पुस्तकात शोधावे लागत नाही, शिवारात पाय टाकला की ते ठेचेसारखे लागते.

आमच्याकडे पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. म्हणून पाणी अडविण्याची कला येथे जुनी. तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गास ज्यांनी पाहिले असेल त्यांना पाणीमहाल आठवेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर हे धरण बांधले आणि धरणाच्या पोटातच महाल काढला. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे पाहावयास आजही माणसे लोटतात. पण तो राजाचा हौद होता. रयतेचा हौद म्हणजे विहीर आणि बारव.

त्या विहिरींवर मोट चाले. आजोबा सांगत, आमच्या सामाईक विहिरीत तीन भावांचे हिस्से होते. दोन-दोन दिवसांची पाळी, सातवा दिवस विहिरीचा. त्या दिवशी झरे भरून घेत. हा नियम कोणत्या कायद्याच्या पुस्तकात नव्हता, पण मोडण्याची कुणाची छाती नव्हती. आणि खरे सांगायचे तर मोडण्याची सोयही नव्हती. बैल दमले की मोट थांबे. दिवस मावळला की नाडा सुटे. माणसाच्या हव्यासाला बैलाच्या खांद्याची वेस होती.

पाण्याचा जमाखर्च शास्त्राने मांडण्याचे काम महाराष्ट्रात अगत्याने झाले. इंग्रज सरकार कालव्याची किंमत करी ती मुख्यत्वे पाणीपट्टीच्या वसुलीवरून. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली आणि १९४८ साली ती प्रसिद्ध झाली. कालव्याचा लाभ तिजोरीत पडलेल्या पट्टीपुरता नसतो, मजुराची मजुरी आणि व्यापाऱ्याची पेठ हीही त्याचीच फळे होत, हे त्यांनी घरोघर, रानोरान आकडे गोळा करून दाखविले. जमेची बाजू अशी नीट मांडली गेली. खर्चाची बाजू उघडावयास पुढे दुष्काळ यावा लागला.

१९७२ चा दुष्काळ मी पाहिलेला नाही, पण आमच्या घरात त्याची गोष्ट न ऐकता कुणी मोठा झाला नाही. खडी फोडणारे हात, सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या कामांवर पाझर तलाव झाले, आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्याच दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी खडक फोडणारी यंत्रे खेड्यापाड्यांत पोहोचली. तहानेसाठी आलेले यंत्र नंतर उसाच्या फडात शिरले.

आमची जमीन काळ्या पाषाणाची. या पाषाणात पाण्याची तळी नसतात. वरचा मुरूम आणि खालच्या भेगा यांतच काय ते साठते. माझ्या बोअरमध्ये लागलेले पाणी बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीच्या वाटेवरचेच असते. पण १८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो की, ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा जमीनमालकास अधिकार आहे. बांध जमिनीवर असतो, जमिनीखाली नसतो, ही गोष्ट त्या कायद्याने विचारात घेतली नाही.

येथे मला घरची गोष्ट सांगितली पाहिजे. मी मॅट्रिकला होतो त्या साली वडिलांनी बोअर घेतला. दोनशेवीस फुटांवर पाणी उसळले. नारळ फुटला, गुलाल उधळला. आत्या गावातच दिलेली, तिचे रान आमच्या बांधाला लागून. होळीपर्यंत तिच्या विहिरीचा तळ उघडा पडला. वडील काही बोलले नाहीत, आत्याही बोलली नाही. पण तिचे आमच्या घरी येणे थांबले.

पुढच्या भाऊबीजेला वडील स्वतः तिला घेऊन आले. ओवाळणीच्या ताटात त्यांनी लुगडे ठेवले आणि म्हणाले, "आक्का, दर बेस्तरवारी बोअरचं पाणी तुझं." आत्याचे डोळे भरले. पण निरांजन खाली ठेवताना ती म्हणाली, "दादा, मला घातलंस, बरं झालं. पर माझ्या पलीकडच्या रानवालीची हीरबी आटली. तिला तू भाऊ न्हाईस."

इतकी वर्षे मी अर्थशास्त्राचे जे काही वाचले, त्यात याहून नेमके वाक्य मला सापडले नाही. आत्याची हानी माझ्या वडिलांच्या हिशेबात आली, कारण ती बहीण होती. पलीकडच्या बाईची आली नाही. भाऊबीज घालून गावाचे पाणी वाटता येत नाही, त्याला नियम लागतो.

आणि नियमाऐवजी आपण मोह वाढवीत गेलो. शेतीपंपाच्या विजेची आकारणी बहुतांशी अश्वशक्तीवर झाली, म्हणजे एक तास उपसा की दहा तास, बिल तेच. २०२४ साली तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत देण्याची योजना राज्याने आणली. बैलाच्या खांद्याची वेस अशी कायमची गेली. उसाला वर्षाकाठी दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे आमच्या पावसाच्या दुपटी-तिपटीने. तरी शेतकरी ऊस लावतो, आणि मी त्याला दोष देणार नाही. तुरीचा भाव बाजार ठरवितो, उसाचा किमान भाव आधी ठरलेला असतो. पोराबाळांचा धनी असलेला माणूस खात्रीकडेच वळणार. गोखले संस्थेतीलच नीळकंठ रथ आणि मित्रा यांनी १९८९ साली हिशेब मांडून दाखविले की, तेच पाणी हंगामी पिकांवर अधिक रानांत पसरले, तर एकूण उत्पन्न अधिक होते. गावाचा फायदा एकीकडे, एकेका शेतकऱ्याचा दुसरीकडे. या दोहोंना जोडणारा पूल आपण बांधला नाही.

त्याचे फळ २०१६ च्या एप्रिलात साऱ्या देशाने पाहिले. १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत नव्या विहिरीस बंधन घातले. २००९ च्या कायद्याने शेतीसाठी व उद्योगासाठी ६० मीटरांपलीकडे खोदण्यास मनाई केली. पण रात्री गावात शिरलेली बोअरची गाडी मीटरपट्टी घेऊन येत नाही. पाळी मोडली तर शेजारी पाहतो आहे, ही जाणीव सरकारी कागदाला नसते.

ती जाणीव जेथे टिकली तेथे पाणी टिकले. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालली. एका फडात एकच पीक, पाटकरी सांगेल तसे पाणी. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, आणि पाऊस मोजून दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली. सामाईक वस्तू माणसे आपसांत नियम करून शतके राखू शकतात, हे जगभरची उदाहरणे तपासून दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. आमच्या आजोबांचा सातवा दिवस त्यांना लगेच कळला असता.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी वर्गाला घेऊन गावविहिरीवर गेलो. सुंभाला हातहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला, आणि पाणी किती गाठींवर लागते ते वहीत लिहिले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजायचे ठरले. दोर धरण्याचा मान त्या मागच्या रांगेतल्या पोराला दिला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. परंतु हौदात किती शिल्लक आहे एवढे तरी साऱ्या गावाला ठाऊक असावे.

आत्या आता थकली आहे. यंदाही भाऊबीजेला येईल. बेस्तरवारचे पाणी अजून तिचेच आहे. मात्र आमच्या बोअरला उन्हाळ्यात पाणी राहत नाही. दोन वर्षांपूर्वी पलीकडे कुणीतरी चारशे फूट खोल गेले आहे, आणि त्याला आम्ही भाऊ नव्हे.