पाणथळ आणि हरकत

पाणथळ जागेवरच्या बांधकामाला हरकत कोणी घ्यायची? मी जुने कायदे चाळले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संपादनालाच हरकत घेण्याची सोय नव्हती. ती १९२३ च्या दुरुस्तीने आली. मुदत ३० दिवस, तीही जमिनीत हितसंबंध असलेल्यांनाच. मासे धरणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर कुठून असणार? त्याला बोलायला जागा झाली १९९७ साली, पर्यावरणीय जनसुनावणीमुळे. २००६ च्या अधिसूचनेने सुनावणीआधी ३० दिवसांची सूचना, स्थानिक भाषेतला सारांश आणि बाहेरगावच्या संबंधितांना लेखी म्हणणे मांडण्याची मुभा दिली. आणि त्याच अधिसूचनेने मोठी गृहसंकुले या साऱ्यातून वगळली! शहरालगतच्या पाणथळ जागा बुजवल्या जातात त्या बऱ्याचदा घरांसाठीच.